मनुष्यबळ

अग्निशमन दलाच्या मोठ्या साहेबांच्याच बंगल्यातून धुराचे लोट निघत होते. बंब घंटा बडवत फाटकात शिरला, पण त्यातून उतरला एकटा ड्रायव्हर. जन्मात कधी पाइपला हात न लावलेले साहेब अंगणात थयथयाट करू लागले, "एकटाच तोंड वर करून आलास? गाडीवर तीन जवान दिलेत ना? कुठे शेण खायला गेलेत?"

"तुम्हीच इथं नेमलेत, साहेब," पाइप ओढत ड्रायव्हर म्हणाला. "एक बागेत झारी घेऊन उभा आहे, दुसरा तुमचं कुत्रं फिरवतोय."

"आणि तिसरा?"

 

"तो वाटेत दिसला, दुधाची पिशवी घेऊन. तुमच्या वर्दीवरची इस्त्री बंद करायलाही बाईसाहेबांनी सवड दिली नाही म्हणे."