घरघर

इलेक्ट्रॉनिक संगीत शिकवणाऱ्या सरांचा एकच हट्ट असे. "तयार आवाज वापरायचे नाहीत. घरातले खरे आवाज पकडून आणा, आपण कॉम्प्युटरवर कापून त्यांचा ठेका बांधू." ज्याचा ठेका जमेल, त्याचं गाणं सरांच्या नव्या अल्बममध्ये जाणार होतं. त्यांच्या एका विद्यार्थिनीला ते काहीही करून हवं होतं.

तिने दमेकरी बाबांच्या श्वासाची घरघर फोनवर पकडून नेली. वेफर्सची तेलकट बोटं बटणांवर फिरवत सरांनी ती पुन्हा पुन्हा वाजवली आणि मिटक्या मारल्या.

"वा, काय माल आणलास गं! फक्त म्हातारा जरा निवांत वाटतोय. चांगली धाप लागायला हवी."

तिला शिसारी आली. "सर, वडील आहेत ते माझे," असं सुनावून ती तडक घरी निघाली. इमारतीखाली बाबा भाजीची पिशवी घेऊन लिफ्टचं बटण दाबत होते.

"बाबा, लिफ्ट बिघडलीय."

"अगं, आत्ता तर शेजारीण तिच्यातूनच उतरली!"



"आत्ताच बिघडली. चला, जिन्याने जाऊ," असं म्हणत तिने पर्समधल्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.