सावकाश होऊ द्या

गोजराबाई पंगतीत सगळ्यांत पुढच्या पाटावर ऐटीत जाऊन बसली, तेव्हा तिच्या पुढची पत्रावळ उचलून पियूषच्या तोंडावर मारावी असं तिच्या नातीला, स्नेहलला वाटलं.

आजीला लाज कशी वाटत नाही? ज्यानं वाघजाईची वाट अडवायला घेतली, त्याच्याच घरची बुंदी खायची? उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की बुडालेल्या गावातला वाघजाईचा चौथरा उघडा पडतो. देवीला तेल-नारळ न्यायला गावाला ही एकच वाट. जाळी घेऊन पाण्याकडे जायला हीच. पियूषनं दोन्ही अंगांच्या जमिनी घेतल्या, रिसॉर्ट उभं केलं आणि आता थेट वाटेवरच फाटक बसवायला निघाला. गावानं अर्ज केले. त्यांचं पुढं काय झालं ते अर्जांनाच ठाऊक. खांबांचे खड्डे तयार होते. पलीकडे काँक्रीटचा ट्रक पोट फिरवत उभा होता. जेवणं उरकली की माल खड्ड्यात आणि वाट बंद. वर गावजेवण! उरावर बसायचं आणि वर घास भरवायचा.

स्नेहल माणच्या आयटी पार्कातल्या ऑफिसातून रजा टाकून आली होती ती भांडायलाच. ट्रकची काच फोडायला तिनं दोन पोरं तयार ठेवली होती. आजीनं तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"आधी जेव," ती म्हणाली.

आणि ही म्हणे धोंडाबाईची सून! शंभर वर्षांपूर्वी धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तेव्हा धोंडाबाई गावातल्या बायांबरोबर धरणाच्या पायासाठी खणलेल्या चरात जाऊन बसली होती. कुणी दगड उचलला नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसत्या बसल्या. तिथंच भाकरी सोडून खायच्या. एके दिवशी मुकादम आला आणि त्यानं धोंडाबाईच्या पुढ्यातली भाकरी लाथेनं चिखलात उडवली. काठ्या मारत तिला फरफटत बाहेर काढलं. काठ्या ती विसरली. पण जेवत्या पानावरून उठवलं, हे मरेपर्यंत विसरली नाही. गोष्ट सांगताना आजीचे डोळे अजून पेटायचे. त्या मुकादमाचं नाव मात्र तिनं कधी घेतलं नव्हतं.

पंगत मांडली होती वाटेवरच, दोन खड्ड्यांच्या मधोमध. नवं लॉन कालच अंथरलेलं, त्यावर गावकऱ्यांचे पाय कशाला? डोक्यावर चित्रीकरणाचा ड्रोन घिरट्या घालत होता. पियूष हात जोडून पुढे आला.

"या मातीशी आमचं नातं जुनं आहे. माझे पणजोबा, कोंडिबा, धरणाच्या कामावर मुकादम होते. गोऱ्या साहेबाचं त्यांच्याशिवाय पान हलत नसे." मग कॅमेऱ्याकडे बघत तो गोजराबाईपुढे वाकला. "सावकाश होऊ द्या, आजी. काही घाई नाही."

गोजराबाईनं मान डोलावली.

आणि ती सावकाश जेवू लागली. एक शीत उचलायची, चघळायची, पाण्याचा घोट घ्यायची, शेजारणीच्या सुनेची चौकशी करायची. मग दुसरं शीत. पंगतीतल्या बाया तिच्याकडे बघत तेच करत होत्या. थोरलं माणूस उठल्याशिवाय पंगत उठत नाही, ही रीत सगळ्यांना पाठ. ऊन कललं. वाढप्यांचे हात गळून गेले.

"सेठ, माल जम रहा है!" ड्रायव्हर ओरडला.

पियूष लगबगीनं आला. "आजी, झालं असेल तर..."

"भात वाढ," गोजराबाई म्हणाली.

तो पोलीसपाटलांकडे वळला. "हैबतराव, उठवा यांना."

"जेवत्या माणसाला पानावरनं?" हैबतराव भुरका मारत म्हणाले. "आन् म्या बी जेवतुयाच की."

तेव्हा कुठे स्नेहलच्या डोक्यात उजेड पडला. तिनं पोरांना खूण केली. पोरं दगड टाकून पंगतीत येऊन बसली, तीही आता ऐसपैस मांडी घालून बसली. "हितं आमटी आणा!" तिनं हाळी दिली. कुणाला छळताना इतकं गोड वाटतं, हे तिला आजच कळत होतं. पियूषच्या कपाळावरचा घाम बघून तिला आमटीही रुचकर लागली.

शेवटी ड्रायव्हर शिव्या घालत ट्रक घेऊन निघून गेला.

"उद्या दुसरा आणंल, आजे," स्नेहल कुजबुजली.

"उद्या बी भूक लागंलच की."

पियूषनं ते ऐकलं. त्याचा तोल सुटला. तरातरा येऊन तो गोजराबाईपुढे उभा राहिला. बुटाचं टोक पत्रावळीला टेकलं. डोक्यावरचा ड्रोन अजून फिरतच होता. 

गोजराबाईनं घास हातात धरूनच वर पाहिलं.

"मार की लाथ," ती म्हणाली. "तुझ्या पणज्यानं माझ्या सासूच्या भाकरीला मारली व्हती, तशीच मार."