पाच पंधराची घंटा

स्टेशनमास्तर टिबेट्सनी घंटेच्या दोरीला हात घातला तेव्हा घड्याळात पाच वाजून चौदा मिनिटं झाली होती. गाडी फलाटाला लागून उभी होती. कुंपणापलीकडे मैदानात बेसबॉलच्या सामन्यात टॅनरफोर्डचा शेवटचा डाव चालू होता. दोन गडी बाद, एक जण तिसऱ्या बेसवर. ग्रँटबर्गच्या तीन धावा, टॅनरफोर्डच्या दोन. आज जिंकेल त्याच्या गावात वर्षभर लीगचा झेंडा फडकणार होता.

ठराव सकाळीच झाला होता, नेहमीसारखा. पाहुण्यांना पाच-वीसची गाडी गाठायची असायची. म्हणून पाच-पंधराला मास्तरांनी घंटा द्यायची, आणि घंटा झाली की सामना संपला. पुढे असेल तो जिंकला.

ओहायोतल्या एवढ्याशा टॅनरफोर्डने आठ वर्षांत तीन संघ उभे केले होते. पहिला संघ जुलै उजाडायच्या आतच फुटला. दुसरा इतक्या इमानाने हरत राहिला की आसपासची गावं त्याला लीगचं पायपुसणं म्हणत. हा तिसरा, वीटभट्टीवाल्यांचा. हे लोक दिवसभर विटा भाजत आणि उरलेल्या वेळात खेळत. झेंडा इतक्या जवळून गावाने कधी पाहिलाच नव्हता.

आणि ग्रँटबर्गचा कप्तान फिनेगन मैदानाच्या मधोमध बसून बूट काढत होता.

त्याआधी त्याने पिचरशी दोनदा खलबत केलं होतं. मग कॅचरचा मुखवटा हरवला, तो कॅचरच्याच बुडाखाली सापडला. आता फिनेगनच्या बुटात खडा गेला होता. त्याने बूट उलटा केला, झटकला, आत डोळा लावून पाहिलं.

"घरी जाऊन शोध रे!" भट्टीवाल्यांच्या बायका ओरडल्या. "चुलीपाशी बसून!"

"घाई कसली, बाई?" फिनेगन हसून म्हणाला. "घंटा होईलच. टिबेट्सच्या घड्याळावर आमच्या गावची बँक उघडते."

ते खोटं नव्हतं. टिबेट्सनी आजवर कुणासाठी गाडी थांबवली नव्हती. एकदा सख्खी बायको मिनिटभर उशिरा आली, तर तिलासुद्धा फलाटावर ठेवून त्यांनी गाडी सोडली होती. ती आठ दिवस बोलली नाही. त्या आठ दिवसांत जेवण मात्र वेळेवर मिळालं, असं ते सांगत. शिवाय उशिराचा खुलासा ग्रँटबर्गच्या रेल्वे कचेरीत जायचा, आणि तिथल्या साहेबाने गेल्याच वर्षी एका मास्तराला तीन मिनिटांपायी घरी बसवलं होतं.

काटा पंधरावर आला.

दोरी हातात धरूनच टिबेट्स सामानाच्या हातगाडीवर चढले. तिथून कुंपणावरून मैदान स्वच्छ दिसायचं. फिनेगन आता मोजा काढत होता. गाव हरतंय याचं टिबेट्सना दुःख होतंच, पण हा माणूस त्यांच्या वेळशीर वागण्याच्या जिवावर चोरी करत होता. आयुष्यभर जपलेला मिनिटामिनिटाचा हिशेब याने जणू आपल्या बुटात घातला होता.

त्यांनी दोरी सोडली.

सोळा झाले. सतरा झाले. मैदानावर हळूहळू शांतता पसरली. फिनेगनचं हसू मावळलं. तो एका पायावर उभा राहून ओरडला, "मास्तर! घंटा कुठाय?"

"घंटेत खडा गेलाय," टिबेट्स हातगाडीवरून गरजले. "तुमचा निघाला की माझा काढतो!"

लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. इंजिनाचा ड्रायव्हरही खिडकीतून बाहेर लोंबकळून हसत होता. अंपायरला आता धीर आला. त्याने फिनेगनला बूट घालायला लावला आणि पिचरला चेंडू टाकायला सांगितलं.

बॅट धरून ओटो क्रुग उभा होता. विटांनी घट्टे पडलेले हात, सकाळपासून एकही फटका नाही. पहिला चेंडू त्याने सोडला. दुसऱ्यावर जोराने बॅट फिरवली आणि ती नुसतीच हवेत फिरली. तिसरा मात्र असा बसला की आवाज फलाटापर्यंत आला. चेंडू वर गेला, कुंपण ओलांडून टिबेट्सच्या डोक्यावरून गेला आणि फलाटावर रचलेल्या ग्रँटबर्गवाल्यांच्या ट्रंकांवर धाडकन आदळला.

तिसऱ्या बेसवरचा गडी आणि क्रुग, दोघं धावत घरच्या बेसवर पोचले, दोन धावा झाल्या. चार-तीन.

टिबेट्स खाली उतरले, हातगाडीवरून जवळजवळ पडलेच. त्यांनी दोरी धरली आणि घंटा बडवायला सुरुवात केली. किती टोल दिले ते त्यांना स्वतःलाही कळलं नाही. ड्रायव्हरने शिट्टी दिली ती थांबवलीच नाही. गाव कुंपण मोडून फलाटावर शिरलं. क्रुगला खांद्यावर घेतलेलं होतं आणि तो "बॅट राहिली, माझी बॅट राहिली" म्हणत रडत होता. टिबेट्सचेही गाल ओले झाले होते आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही.

पाहुणे खाली मान घालून डब्यात चढले. गार्ड मॅकार्डल उशिराचा छापील कागद घेऊन आला.

"सात मिनिटं," तो हळूच म्हणाला. "कारण काय टाकायचं? धुकं टाका, मास्तर. धुक्याला कोणी विचारत नाही."

टिबेट्सनी वर पाहिलं. सप्टेंबरचं लख्ख ऊन पडलं होतं.

"हा कागद उद्या कुणाच्या टेबलावर जाणार?"

"ग्रँटबर्गला, मोठ्या साहेबांच्या. म्हणून तर सांगतोय ना!"

"मग धुकं कसं चालेल?"

त्यांनी पेन्सिल जिभेला लावली आणि कारणाच्या रकान्यात, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं: टॅनरफोर्ड ४, ग्रँटबर्ग ३.

"नीट ने," कागद देताना ते म्हणाले. "चुरगळू नकोस."