एकोणीस सेकंद

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी रुग्णवाहिका नियंत्रण कक्षाच्या डेटाबेसमधला एक आकडा बदलला. १२८ एमबीचे २४ जीबी झाले.

डेटाबेसने पत्ते दर वेळी डिस्कवर न शोधता मेमरीत हाताशी ठेवावेत, त्यासाठी राखलेल्या जागेचा हा आकडा. सर्व्हरला मेमरी बत्तीस जीबी होती. नऊ वर्षं त्यातली चिमूटभरच वापरात होती. अभियंत्याने डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केला आणि एक पत्ता शोधला. पहिल्या वेळी, मेमरी अजून रिकामी असताना, चार सेकंद लागले. दुसऱ्या वेळी एकही नाही.

"साहेब, आता तर विचारायच्या आधीच सांगतंय हे!" खिडकीजवळची ऑपरेटर म्हणाली. दोघीतिघी हसल्या.

दाराशी बसलेली ऑपरेटर हसली नाही. ती महिनाभर निलंबित होती. आज चौकशीसाठी आली होती. तिच्या एका कॉलवर एकोणीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड झाली होती. पलीकडे एक बाई, नवऱ्याचा श्वास अडकलाय म्हणून पत्ता सांगून थांबली होती. गाडी पोहोचली तेव्हा तो गेला होता. ऑपरेटर पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती, पडद्यावर चक्र फिरत होतं, पत्ता येत नव्हता. सोबतच्या बायकांनीही तेच सांगितलं. मैत्रिणी आहेत, सांगणारच, असं समितीचं म्हणणं पडलं. शोधाला किती वेळ लागला, याची नोंद ठेवायची सोय मुळात केलेलीच नव्हती.

समिती येण्याआधी सर्व्हर एकदा बघून ठेवा, असा वरून निरोप होता. अभियंत्याला दोष दिसला आणि त्याने तो दुरुस्त केला. हाताची सवय.

बरोबर बाराला समिती आली. अध्यक्षांनी स्वतः त्या मृत माणसाचा पत्ता टाइप केला. बोट उचलायच्या आत तो पडद्यावर होता.

"कुठंय तुमचं चक्र?" त्यांनी विचारलं.

ऑपरेटर अभियंत्याकडे वळली. "साहेब, सकाळी काय होतं ते सांगा ना यांना."

"हं, सांगा," अध्यक्ष म्हणाले. "आधीपासून असंच चालतं हे?"

अभियंत्याच्या पडद्यावर सेटिंगची फाइल उघडी होती. त्याच्याशिवाय कुणाला ती दिसत नव्हती. जुनी ओळ त्याने नुसती बाद केली होती, अजून पुसली नव्हती. १२८ एमबी. शेजारी नऊ वर्षांपूर्वीची तारीख आणि शेरा : 'तात्पुरता. पुढच्या आठवड्यात वाढवणे.' खाली त्याचंच नाव.

समितीच्या टिपणात बारा वाजून सात मिनिटांनी प्रश्न लिहिलेला आहे. उत्तराची जागा अजून कोरी आहे.