दाराआडचा पट्टा

मूल होत नाही म्हणून नवरा तिला पट्ट्याने मारायचा. सासू तेवढ्यापुरता टीव्हीचा आवाज वाढवायची.

एका सकाळी दाराआडच्या खुंटीवर टांगलेल्या त्या पट्ट्यावर दोन इवल्या दातांच्या खुणा दिसल्या.

“मेले उंदीर!” सासू करवादली.

पुढच्या मारानंतर खुणा चार झाल्या. मग वरखाली अख्खी ओळच उमटली, आणि पट्ट्याचं टोक कायम लाळेने ओलं राहू लागलं.

आज तिला पुन्हा पाळी आल्याचं कळताच नवऱ्याने दाराआड हात घातला आणि किंचाळला. हात काही केल्या बाहेर निघेना.

“आई, धाव गं!”

सासूने टीव्ही बंद केला. तेव्हा कुठे ती मचमच ऐकू आली.

कोपऱ्यात बसलेली ती जागची हललीसुद्धा नाही.

“सावकाश, राजा,” ती मायेने म्हणाली. “लहान लहान घास घे.”