पिल्लाची आई

बिबट्यानं आणखी एक शेळी उचलली, तसा धाकलू राखणीसाठी कुत्र्याचं पिल्लू शोधायला पुन्हा निघाला. पार खालापूरपर्यंत हिंडला. विकणारे पुष्कळ, पण खात्रीचं कुणी नाही. शेवटी दमूनभागून कशेळ्याच्या गौराबाईच्या अंगणात टेकला. तिची पिल्लं बिबट्यालाही पळवतात, असा बोलबाला होता.

"नर दे गं, मावशी."

"आधी आई बघ, मंग पिल्लू माग. हालू नको रं, परक्याला फाडते ती."

कुत्री गुरगुरत आली, थबकली आणि शेपूट हलवत त्याचे पाय चाटू लागली.

"आरं, हिला तर मी बाजारातनं उचलून आनली. तुला कशी वळखते?"

धाकलूला मान वर करवेना.

 

"मादी काय राखण करणार?" म्हणत त्यानंच तिला त्या बाजारात सोडलं होतं.