उजवीकडची बरणी

बरण्यांवरची लेबलं सुटून बादलीत तरंगायला लागली, तेव्हा तपासणीला एकच दिवस उरला होता. चुना मारायला आलेल्यांनी चांगुलपणानं सोड्याच्या गरम पाण्यात सगळ्या बरण्या धुऊन काढल्या होत्या.

डॉ. जाहेदानं कपाळाला हात लावला. कॉलेजचं शरीरशास्त्राचं म्युझियम तिच्या ताब्यात होतं आणि तिची नोकरी हंगामी होती. तपासणी नीट पार पडली तर कॉलेजला मान्यता आणि तिला कायमची जागा. नाहीतर पुन्हा खुलताबाद आणि अब्बांचं दुकान.

पुस्तक उघडून तिनं दुपारपर्यंत ब्याऐंशी बरण्या ओळखल्या. दोन उरल्या. हातात लेबलंही दोनच होती, मेसोअपेंडिक्स आणि मेसोसाल्पिंक्स. मेसो हा ग्रीक शब्द, म्हणजे मधला. पोटातल्या अवयवाला मधे राहून धरून ठेवणारा पातळ पडदा. पहिला अपेंडिक्सचा, दुसरा बाईच्या गर्भनळीचा. पण फॉर्मलिनमध्ये वर्षानुवर्षं राहून दोन्ही सारखेच फिके पडले होते. दोन्हीकडं करंगळीएवढी नळी, तिला चिकटलेला पडदा.

विभागप्रमुख पैठणकर सरांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि डावी बरणी गर्भनळीची म्हणून सांगितलं.

"नाय सायब," दारातून आवाज आला. "उजवी."

ती साळूबाई होती, बरण्या पुसणारी. मूळची सोयगावकडची. पोलीस ॲक्शननंतर चार-पाच वर्षांनी आजारी म्हणून सरकारी दवाखान्यात आली, ती बरी झाल्यावर गावी गेलीच नाही. पडेल ते काम करत, दवाखान्यातल्या जुन्या बरण्या कॉलेजात आल्या तेव्हा त्यांच्यामागोमाग इथं पोचली. बाकीच्या बरण्यांना ती फडकं लावायची, एका बरणीला मात्र पदर. तिला लिहितावाचता येत नव्हतं.

सरांना हसू आलं. त्यांनी शेजारच्या चार बरण्यांत काय आहे ते तिला विचारलं. तिला एकही सांगता आली नाही. लेबलावर सही जाहेदाची आहे, तिनं काय ते ठरवावं, असं म्हणून सर निघून गेले.

जाहेदानं कशावरून म्हणून विचारलं, तर साळूबाई एवढंच म्हणाली, की रोज पुसते ना. हा काही पुरावा नव्हता. पण आपल्या गल्लीत येऊन माणूस आपलं घर दाखवतं, तसं तिनं बोट दाखवलं होतं. जाहेदानं बराच वेळ दोन्ही बरण्या न्याहाळल्या. मग बिस्मिल्ला म्हणून गर्भनळीचं लेबल उजवीवर चिकटवलं.

तपासणीला मुंबईचे एक पिकल्या केसांचे सर्जन आले. बाकीच्या बरण्या त्यांनी चालता चालता पाहिल्या आणि नेमके त्या दोन बरण्यांपाशी थांबले. उजवी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. पैठणकर सर जमिनीकडं बघू लागले.

"हे लेबल कुणी लावलं?"

"मी, सर," जाहेदा म्हणाली.

ते मनापासून हसले. या वर्षी तीन कॉलेजांत अशा दोन बरण्यांची अदलाबदल झालेली पाहिली, म्हणाले, बरोबर लावलेली ही पहिलीच. नळीवरची फाटल्याची खूण त्यांनी बोटानं दाखवली. गर्भ नळीतच वाढून ती फुटली होती. त्या काळात अशी बाई खेड्यातून इथवर यायची म्हणजे उशीरच झालेला असणार. "वाचली नसेल बिचारी," म्हणत ते फडकं घेऊन उभ्या साळूबाईवरून पुढं गेले.

चार वाजता मान्यतेचा निर्णय कळला. जाहेदाची जागा कायम झाली. गुलमंडीवरून पेढे आले. तिनं सगळ्यांदेखत खरं काय ते सांगितलं, तेव्हा पैठणकर सरांनी उठून साळूबाईला आपल्या खुर्चीत बसवलं आणि पहिला पेढा तिच्या हातावर ठेवला.

"चौऱ्याऐंशी बरण्या," जाहेदा म्हणाली, "आणि तुम्हाला ही एकच कशी ठाऊक?"

साळूबाईनं पेढा सावकाश खाल्ला.

"त्या मुंबईच्या सायबाचं एकच चुकलं, बाई," ती म्हणाली. "मी वाचले की."